शांतता कुणाच्या दारातली?

१८७५ सालच्या दख्खनच्या दंग्यांवर सरकारी कमिशनचा अहवाल आहे. त्यावर पुढे पुष्कळांनी पुस्तकं लिहिली. आपल्या पोरांनी ही वाचावीत, पण डोळे उघडे ठेवून.

हकिकत अशी. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी कुणबी सावकारांवर चालून गेले. वह्या, खतं, धान्य, कापड भर रस्त्यात जाळलं. लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. रीत बहुतेक ठिकाणी एकच : कागद दे, नाहीतर बघ. कागद मिळाले की सावकाराच्या अंगाला सहसा हात लागत नव्हता. अडला की मग दांडगाई. यावरून लेखकांनी कुणब्याच्या संयमाची वाहवा केली. करावीच. माणसाला सोडून कर्जाच्या कागदावर घाव घालणं हे शहाणपणच होतं. १८७९ चा शेतकरी कायदा आला तो या दणक्यानंतर.

माझं भांडण दुसऱ्याच ओळीशी आहे. दंग्याआधी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानात कुणी जाईना, त्याचं रान कुणी कसेना. ही चाल गावोगाव गेली. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार सगळ्यांनी सावकाराची कामं थांबवली. आणि जो बलुतेदार सामील होणार नाही, त्याच्यावरही गावाचा बहिष्कार! लेखक हे वाक्य लिहितात आणि खुशाल पुढं जातात. 'गावाची एकजूट' म्हणतात.

अरे, एकजूट कुणाची? बलुत्यासाठी खळ्यावर पदर पसरणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय होती का? ज्याची भाकरी गावाच्या हातात, त्याला काठी दाखवावी लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी धमकी पोचते.

हेच हत्यार पुढं आपल्यावर चाललं. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव दुकान बंद करतं, वाट बंद करतं, मजुरी बंद करतं, हे मुंबई सरकारच्या स्टार्ट कमिटीनं १९३० साली लिहून ठेवलंय. बाबासाहेबांनी १९२८ ला वतन बिल आणलं ते उगाच नाही. गावाच्या तुकड्यावर जगणारा गावाशी भांडू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी म्हणतो, करडे आणि सुपे आपल्या वाचनात हवेत, पण आरतीसाठी नकोत. सावकार नागवत होता, कुणबी उठला, हे खरं. कुणबी उठला म्हणून महारवाडा सुटला नाही, हेही तितकंच खरं.

२००७ ला सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली. २०१६ ला त्याच राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. गावात तंटा नाही असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा : तंटा मिटला, की तोंड दाबलं?