वाड्याचें नांव आणि वाड्याचा इतिहास

वेदगंगेच्या खोऱ्यांतील मुरगूड किंवा त्याच्या आसपासच्या गांवांतील एखाद्या वाड्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास लेखक बहुधा वाड्याच्या प्रचलित नांवापासून आरंभ करितो. नांव ज्या घराण्याचें, त्याच्याच मूळपुरुषानें वाडा बांधिला असें गृहीत धरून तो त्या घराण्याची वंशावळ हाच वाड्याचा इतिहास म्हणून वाचकांपुढें ठेवितो. ही पद्धति आम्हांस मान्य नाहीं. जागा, इमारत आणि घराणें ह्या तीन भिन्न वस्तु आहेत. तिन्हींचें वय एकच असेल असा नियम नाहीं.

ह्याचें ठळक उदाहरण मुरगूड ज्या तालुक्यांत मोडतें त्या कागलच्या घाटगे घराण्यांतच सांपडतें. सखाराम घाटगे सर्जेराव ह्यांची कन्या बायजाबाई इ. स. १७९८ त दौलतराव शिंद्यांस दिली. तिचा बंधु हिंदूराव ह्याच्या नांवाचें घर दिल्लीच्या टेकडीवर प्रसिद्ध आहे. नांवावरून अनुमान करणारा तें घाटग्यांनीं बांधिलें असेंच म्हणेल. वस्तुतः तें कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर ह्याचें राहतें घर. मार्च १८३५ त त्याचा खून झाल्यावर तें हिंदूरावाकडे आलें. १८५७ च्या वेढ्यांत तेथें इंग्रजी फौजेचें मोक्याचें ठाणें होतें. पुढें तेथें रुग्णालय झालें, तेंही हिंदूरावाच्याच नांवानें चालतें. जवळच फिरोजशहा तुघलकानें चौदाव्या शतकांत मीरतेहून आणविलेला अशोकस्तंभ उभा आहे. जागा पुरातन, घर फ्रेझरचें, नांव घाटग्यांचें! दिल्लीसारख्या राजधानींत नांव इतकें फसवितें, तर खेड्यांतील वाड्याचें नांव एकटें पुरावा कसें ठरावें?

दुसरा दोष कालगणनेचा. मोडी कागदांवरील शुहूर सनांत ५९९ मिळविले असतां तें वर्ष सुरू झाल्याचा इसवी सन निघतो. फसलींत ५९० मिळवावे लागतात. इ. स. १७८३ च्या मृगापासून शुहूर ११८४ लागला, फसली मात्र ११९३. शुहूर सन फसली समजून वाचल्यास वाडा नऊ वर्षें जुना होतो, उलट केल्यास नऊ वर्षें नवा. शुहूर सन बहुधा अर्बा, समानीन अशा अरबी संख्याशब्दांनीं लिहितात, एवढें ध्यानांत ठेविलें तरी ही चूक टळेल.

संग्राहकांस आमची आग्रहाची विनंती अशी कीं, वाड्यांतून रुमाल उचलतांना तो कोणत्या घरांतून, कोणत्या दप्तरांतून आला ह्याची नोंद त्याच वेळीं करावी. घरापासून तुटलेला कागद शाबूत राहिला तरी त्या घराविषयींची त्याची साक्ष दुबळी होते. जुने वाडे पडत आहेत. भिंती गेल्यावर ही साक्षच काय ती उरणार. म्हणून महजर, वांटणीपत्र, खरेदीखत ह्यांपैकीं कांहीं हातीं येईपर्यंत ‘अमुक घराण्याच्या वहिवाटींतील वाडा’ एवढेंच म्हणावें. ‘अमुकानें बांधिलेला’ म्हणूं नये.