‘ह्योसोन किर्याकू’: पाहिले कोणी, काढले कोणी?

जहाज फुटून परदेशी पोहोचलेले जपानी खलाशी मायदेशी परतले, की त्यांची पहिली गाठ घरच्यांशी नव्हे, चौकशी अधिकाऱ्यांशी पडे. परदेशगमनासाठी देहदंड सांगणारा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. ‘ह्योसोन किर्याकू’ (१८५२) हा सचित्र ग्रंथ वाचताना हे विसरून चालत नाही. शीर्षकाचा अर्थ साधारणतः ‘आग्नेयेकडे वाहत गेल्याची संक्षिप्त हकीकत’ असा होतो.

१८४१ साली तोसा प्रांतातील पाच मच्छीमार वादळात सापडून तोरिशिमा या ओसाड बेटावर अडकले. ‘जॉन हाउलंड’ या अमेरिकन देवमासे-शिकारी जहाजाने त्यांना वाचवले. त्यांतला सर्वांत धाकटा, १४ वर्षांचा मांजिरो, कप्तान व्हिटफील्डबरोबर मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवनला गेला आणि तेथे नौकानयन शिकला. दहा वर्षांनी परतला तेव्हा त्याला मातृभाषाही नीट आठवत नव्हती. कावादा शोर्यो या चित्रकार-विद्वानाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, प्रश्न विचारले आणि ग्रंथ सिद्ध केला.

‘एका कोळ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली अमेरिका’ असे या ग्रंथाचे वर्णन करण्याचा मोह होतो. मला ते अपुरे वाटते. आगगाडीचे चित्र घ्या. गाडी पाहिली मांजिरोने. ती शब्दांत आणि चित्रांत बसवणाऱ्या कावादाने मात्र कधीच पाहिली नव्हती. (१८५२ मध्ये आपली मुंबई–ठाणे गाडीही सुरू व्हायची होती; जपानला १८७२ पर्यंत थांबावे लागले.) पुढे ग्रंथ हाताने नकलला गेला, म्हणजे तिसरा हात आला. काही चित्रांमागे मांजिरोची स्वतःची रेखाटने आहेत. पण तीही कोणाच्या तरी प्रश्नाला दिलेली उत्तरेच आहेत.

म्हणून चित्र ‘अचूक आहे का’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. विचारणाऱ्याला काय हवे होते, हे आधी पाहावे. वाफेची जहाजे, आगगाडी, जगाचा नकाशा यांची निकड सत्ताधाऱ्यांना होती. पुढच्याच वर्षी पेरीची जहाजे एडोच्या उपसागरात आली आणि मांजिरोला एडोला बोलावणे आले. धर्माची गोष्ट वेगळी. नागासाकीच्या चौकशीत ख्रिस्ती प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागलेला माणूस चर्चविषयी किती मोकळेपणाने बोलेल? त्या मजकुरातले मौनही वाचले पाहिजे.

आणखी एक. पाचांपैकी मांजिरोसह तिघेच परतले. जुसुके हवाईत वारला. तोराएमोन होनोलुलूतच राहिला, त्याची साक्ष कोणी घेतली नाही.