उघडे काँक्रीट आणि त्याचा धनी

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘ब्रूटॅलिझम आणि सार्वजनिक घरे’ असा जाहीर झालाय. काहींच्या मनात आले असेल, वसई-विरारला बसून हे कशाला? त्यासाठी चंदीगड आहे, लंडन आहे. आमचे म्हणणे असे, की या विषयावर इथेच बोलायला हवे. या वास्तुशैलीवर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक टीका भिंतीच्या चेहऱ्यावर अडकली. घराला धनी कोण, हा प्रश्न मागे पडला. आणि आपल्याकडे माणसे मरतात ती त्या मागे पडलेल्या प्रश्नापायी.

आधी शब्द पाहू. फ्रेंचमध्ये ‘ब्रूत’ म्हणजे कच्चे, संस्कार न केलेले. ल कॉर्बुझिए यांनी मार्सेय शहरात ३३७ घरांची एक प्रचंड इमारत उभारली, ती १९५२ मध्ये पुरी झाली. काँक्रीटवर गिलावा केला नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राहू दिले. पुढे १९५५ मध्ये रेनर बॅनहॅम या इंग्रज समीक्षकाने ‘नवा ब्रूटॅलिझम’ या नावाने निबंध लिहिला आणि शब्द रूढ झाला. इंग्रजी कानाला मात्र त्यात ‘ब्रूटल’, म्हणजे क्रूर, ऐकू आले. अनघडपणा हा पदार्थाचा गुण. क्रौर्य हा वागण्यातला दोष. शब्दाच्या या घसरणीमुळे माणसांच्या वागण्याचा दोष पदार्थाच्या माथी बसला. तत्त्वज्ञानात याला आम्ही कोटीची चूक म्हणतो.

आता आपल्याकडे या. हा शब्द जन्मायच्या तीसेक वर्षे आधी मुंबईत सरकारने काँक्रीटची कामगारघरे बांधली होती. त्या बीडीडी चाळी. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. बेत ५० हजार खोल्यांचा होता. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर करही बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारे, संडास सामाईक. वास्तुकोशात त्यांना ब्रूटॅलिस्ट म्हणत नाहीत, म्हणूही नये. पण सरकारने कामगारांसाठी, एका साच्यात, कसलीही सजावट न करता बांधलेले काँक्रीट हे त्या पुढच्या घराण्याचे पूर्वजच आहे.

त्या चाळींचे सुरुवातीला काय झाले? शेकडो खोल्या रिकाम्या राहिल्या. कामाची जागा लांब, भाडे जड, सोयी अपुऱ्या. टंचाई असलेल्या शहरात सरकारची घरे ओस पडली. आणि १९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ पेटली, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तुरुंग करण्यात आला. आम्हांला हा तपशील फार बोलका वाटतो. जे घर फारसा बदल न करता तुरुंग होऊ शकते, त्याच्या रचनेत काहीतरी खोट आहेच. मोजमाप झाले होते ते डोक्यांचे. राहणाऱ्या माणसाचा विचार झालाच नव्हता. ब्रूटॅलिझमच्या विरोधकांचा मुद्दा इथे आम्ही मान्य करतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे त्याच बोळांत गिरणगाव वसला. कोकणातून, घाटावरून माणसे आली, आंबेडकरी वस्ती उभी राहिली. एकाच खोलीत दोन-तीन पिढ्या वाढल्या. याचे फार गोडवेही गाऊ नयेत. १९७४ ची वरळीची दंगल याच चाळींत झाली, आणि सकाळी संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्या बाईला सामुदायिक जीवनाचे सौंदर्य सांगायला जाऊ नये. सांगायचे एवढेच, की त्या इमारती शंभर वर्षे टिकल्या. गळक्या, जर्जर, पण टिकल्या. मालक सरकार होते, देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. खाते ढिले असेल, पण भिंतीला तडा गेला तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचे, हे भाडेकरूला ठाऊक होते.

२०१७ साल पाहा. एप्रिलमध्ये दिल्लीतले राज रेवल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ पाडले, आणि वास्तुविशारदांनी रास्त हळहळ व्यक्त केली. त्याच महिन्यात बीडीडीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. वर्षअखेरीला लंडनमध्ये स्मिथसन दांपत्याची ‘रॉबिन हूड गार्डन्स’ ही सार्वजनिक घरांची वसाहत पडू लागली. तिचा एक तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपून ठेवला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या प्रदर्शनात मांडला. तुकडा जपायला आमची हरकत नाही. पण संग्रहालयात भिंत जाते, घरभाड्याचा करार जात नाही. सार्वजनिक घर याचा अर्थ त्या करारात असतो.

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. विरार-बोळींजला म्हाडाची टोलेजंग वसाहत आहे. तिथली हजारो घरे सोडती काढूनही कित्येक वर्षे पडून राहिली. मुख्य तक्रार पाण्याची. १९२० च्या दशकातली चूक आपण शंभर वर्षांनी रंग लावून पुन्हा केली. घर म्हणजे चार भिंती असे धरले, की पाणी आणि रेल्वेचा डबा हिशेबातून सुटतात.

दुसरीकडे ज्यांना हे परवडत नाही, ते कुठे जातात? नालासोपारा पूर्वेला सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला शेवटच्या पडल्या. पैसे मोजून घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला वरळीत बीडीडीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याला दोन आठवडे होण्याआधीच विरारच्या विजयनगरात एक अनधिकृत इमारत रात्री कोसळली. १७ माणसे गेली. ती इमारत पंधरा वर्षांचीही नव्हती.

त्या इमारतीला कुणी ब्रूटॅलिस्ट म्हणणार नाही. अशा इमारतींना गिलावा असतो, रंग असतो, फाटकावर नाव असते. उघड्या काँक्रीटमध्ये निदान आपण कशाचे बनलो आहोत हे लपवलेले नसते. इथे गिलाव्याखाली काय आहे, हे राहणाऱ्याला कळत नाही, आणि विचारायला गेले तर धनी सापडत नाही. क्रूर हा शब्द वापरायचाच असेल, तर तो इथे वापरावा.

म्हणून आमची विनंती आहे. सार्वजनिक घरांची समीक्षा करताना छायाचित्र शेवटी पाहा. आधी विचारा: जमीन कुणाची, पाणी कुठून, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, दुरुस्ती कुणाच्या नावावर? बोळींजच्या मनोऱ्यांनाही हेच विचारा, वरळीच्या नव्या मनोऱ्यांनाही. उत्तर मिळाले, तर मग भिंत सुंदर की ओबडधोबड यावर आपण हवे तितके भांडू.