युनिक्सच्या मॅन्युअलांतील ‘इतिहास’

बर्कली-परंपरेतील फ्रीबीएसडीसारख्या प्रणालींच्या मॅन्युअलांत पुष्कळ आज्ञांच्या वर्णनाखाली ‘इतिहास’ असे लहानसे कलम असते. अमुक आज्ञा युनिक्सच्या अमुक आवृत्तीत आढळते, एवढेच ते सांगते. वाचक मात्र तेथेच तिचा जन्म झाला असे धरून चालतो. अशा कलमांची दुरुस्ती करू पाहणाऱ्याने कल्पना, रचना आणि नोंद या तिन्हींचे काळ निरनिराळे ठेवले पाहिजेत.

प्रथम ‘आवृत्ती’ हा शब्दच घेऊ. बेल प्रयोगशाळेत ही आवृत्ती मॅन्युअलाची असे, प्रणालीची नव्हे. प्रणाली सतत बदलत होती. मॅन्युअल मात्र मधूनमधून निघे. पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ‘कॅट’ ही आज्ञा पहिल्या आवृत्तीत आढळते, हे विधान खरेच आहे. परंतु त्याआधीच्या पीडीपी-७ यंत्रावरील युनिक्समध्येही ती होती. त्या प्रणालीच्या छापील संहितेवरून २०१६ साली ती पुन्हा चालती करण्यात आली, तेव्हापासून याची खात्री कोणासही करून घेता येते.

‘पाइप’चे उदाहरण अधिक बोलके आहे. कार्यक्रम एकमेकांस नळीप्रमाणे जोडता यावेत, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती. केन टॉम्प्सन यांनी ती १९७३ मध्ये प्रत्यक्षात आणली व त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील तिसऱ्या आवृत्तीत तिची नोंद झाली. यांपैकी एकच वर्ष देणारे कलम खोटे नसते. पण ते अपुरे असते.

युनिक्स आरंभापासून ‘सी’ भाषेत लिहिलेली होती, हा समज मात्र सरळ चुकीचा आहे. १९६९ ची प्रणाली असेंब्ली भाषेत होती. डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार टॉम्प्सन यांचा १९७२ मधील पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्या वेळी भाषेत ‘स्ट्रक्चर’ची सोय नव्हती. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल ‘सी’मध्ये उतरला. येथे प्रश्न केवळ चार वर्षांच्या अंतराचा नाही, कार्यकारणाचा आहे: भाषा आधी सिद्ध झाली आणि मग प्रणाली लिहिली गेली असे नव्हे; प्रणालीच्या गरजांनी भाषा घडविली.

पोथीचा लेखनकाळ म्हणजे ग्रंथाचा रचनाकाळ नव्हे, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र होय. मॅन्युअलाची दुरुस्ती करतानाही ‘येथे उगम’ असे न लिहिता ‘येथे प्रथम आढळ’ असे लिहावे, आणि त्याहून जुना पुरावा हाती असल्यास तो शेजारीच नोंदवावा.