एबोलीच्या पलीकडचा प्रदेश : एका ग्रंथाचे व एका प्रवासदृष्टीचे परीक्षण

इटलीच्या नकाशाला बुटाची उपमा देण्याचा प्रघात आहे. त्या बुटाची टाच व चवडा यांच्यामधील कमानीत बाझिलिकाता हा प्रांत वसला आहे. १९३२ ते १९४७ या काळात त्याला 'लुकानिया' हे प्राचीन नाव अधिकृतपणे दिलेले होते. रोम व फ्लॉरेन्स पाहून परतणाऱ्या प्रवाशास हा प्रांत सहसा ठाऊक नसतो. साहित्याच्या अभ्यासकास मात्र तो कार्लो लेव्ही यांच्या 'ख्रिस्त एबोलीला थांबला' (१९४५) या ग्रंथामुळे परिचित आहे. तेथील खाद्यपेये व गुहागृहे यांचे कौतुक करताना आजचा प्रवासी 'काळ येथे थांबला आहे' असे सहज म्हणून जातो. या उद्गाराला लेव्हींच्या ग्रंथाचा आधार घेता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेव्ही हे तुरिनचे. शिक्षणाने वैद्य व वृत्तीने चित्रकार. फॅसिस्ट राजवटीस विरोध केल्यामुळे १९३५ साली त्यांना प्रथम ग्रास्सानो व नंतर आलियानो या गावी स्थानबद्ध करण्यात आले. ग्रंथाचे शीर्षक म्हणजे तेथील शेतकऱ्यांच्या तोंडचे वचन आहे. ख्रिस्त, म्हणजेच माणूस म्हणून मिळणारी ओळख, अलीकडच्या एबोली गावीच थांबली. आपल्यापर्यंत ती पोचलीच नाही, असा त्याचा आशय. या वचनावरून लेव्ही एक सिद्धान्त उभा करतात : हे जग इतिहासाच्या व राज्यसंस्थेच्या बाहेरचे आहे.

परंतु ग्रंथातील तपशील या सिद्धान्ताला पुरता दुजोरा देत नाहीत. शेतकऱ्यांच्या घरांतील भिंतींवर लेव्हींना दोन चित्रे शेजारी शेजारी आढळतात : एक व्हिज्जानोच्या मातेचे, दुसरे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे. ज्यांचे आप्त समुद्रापार न्यूयॉर्कला गेले आहेत, त्यांना इतिहासाबाहेरचे कसे म्हणावे? सरकार शेळ्यांवर कर बसवते आणि गरिबाचे दूधदुभते नाहीसे होते. मातेरा शहरात लेव्हींच्या भगिनीमागे लागलेली मुले पैसे मागत नाहीत, क्विनाईन मागतात. हे सारे इतिहासाचेच घाव आहेत. हा प्रदेश राज्यकर्त्यांच्या दृष्टीबाहेर होता, इतिहासाबाहेर नव्हता. लेव्हींच्या लेखणीत 'कालबाह्य' हा आरोप होता. प्रवाशाच्या मुखी तोच शब्द स्तुतिपर होतो. आपल्या मते अर्थाचा हा पालट समीक्षकाने उपेक्षू नये.

तेथील अन्नही हीच साक्ष देते. गरीब लोक वर्षभर पाव खात आणि त्याला फार तर चिरडलेला टोमॅटो, किंचित लसूण व तेल किंवा तिखट मिरची यांची जोड असे, असे लेव्ही लिहितात. सेनिसे गावची वाळवून तळलेली कुरकुरीत लाल मिरची आज प्रांताचे भूषण मानली जाते. पण मिरची व टोमॅटो दोन्ही अमेरिकेतून आलेली आहेत. पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यास उतरलेली मिरची आपल्याकडेही जुनी वाटते, तशीच ही. ज्याला आपण सनातन चव म्हणतो, तिच्यामागेही सागरी व्यापाराचा इतिहास उभा असतो.

प्रांताच्या उत्तरेस वुल्तुरे हा मृत ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर आल्यानिको नावाचे काळे द्राक्ष पिकते व उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास, खुडले जाते. त्याचे मद्य बारीले गावी मऊ खडकात कोरलेल्या गुहांतून मुरत ठेवण्याची परंपरा आहे. या गावी पंधराव्या शतकापासून आल्बेनियातून आलेल्या लोकांची वस्ती झाली. जवळच्याच वेनोसा येथे इ. स. पूर्व ६५ मध्ये कवी होरेस जन्मला. अशा भूमीला इतिहासशून्य म्हणणे धाडसाचे होईल.

गुहेचाही अर्थ असाच पालटला आहे. मातेराच्या 'सास्सी' नामक गुहावस्तीत माणसे व जनावरे एकत्र राहत. ही वस्ती राष्ट्राला लांच्छन ठरली. १९५२ च्या कायद्याने सुमारे पंधरा हजार लोकांना नव्या घरांत हलवण्यास आरंभ झाला. १९६४ साली पाझोलिनींनी आपल्या ख्रिस्तपटात याच गुहांतून जेरुसलेम उभे केले. १९९३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. आता तेथे प्रवाशांची निवासस्थाने आहेत. ज्या गुहेचा गारवा मद्यास मानवतो, तिच्यासारख्याच गुहांच्या ओलीत मुले आजारी पडत होती, ही गोष्ट रसिकाने विसरू नये.

लेव्हींच्या ग्रंथास पूरक म्हणून रोक्को स्कोतेल्लारो यांच्याकडे वळणे इष्ट होय. हा कवी १९४६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्रिकारिको या आपल्या गावाचा नगराध्यक्ष झाला व १९५३ साली निवर्तला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'दक्षिणेचे शेतकरी' (१९५४) या त्याच्या ग्रंथात शेतकरी आपली जीवनकथा स्वमुखाने सांगतात. लेव्हींनी या लोकांचे मौन ऐकले. स्कोतेल्लारोने त्यांचे बोलणे टिपले. दोन्ही ग्रंथ वाचून गेलेल्या प्रवाशाला तेथील पाव, मिरची व मद्य यांची गोडी कमी वाटणार नाही. मात्र ती कोणाच्या श्रमाची आहे, हे त्याला उमगेल.