होडी कुणाच्या पैशाची?

'चेम्मीन' म्हटलं की करुत्तम्मा आणि परीकुट्टीची फसलेली प्रीत आठवते, मागोमाग मन्ना डेंचा आवाज. रामू करिआट यांच्या १९६५च्या चित्रपटाचा हा प्रताप. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६च्या मूळ कादंबरीत मात्र पहिल्या प्रथम येते ती होडी. बाबा होडी-जाळं घेणार आहेत, हे करुत्तम्मा परीकुट्टीला सांगते. तो तिच्या नशिबाचं कौतुक करतो. मग पैसे कमी पडताहेत, तू देशील का, असंही ती विचारून जाते आणि दोघं हसत सुटतात. प्रेमाचं बोलणं आणि कर्जाची मागणी एकाच दमात! पुढची सगळी शोकांतिका या हसण्यातच पेरलेली आहे.

तिचा बाप चेंबनकुंजू आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर राबलेला. जुन्या रिवाजानुसार होडी बाळगायचा हक्क कोळ्यांतल्याही ठरावीक जातीलाच. शिवाय किनाऱ्याच्या मुखियाची संमती हवी. ही सगळी कुंपणं तो ओलांडतो, पण परीकुट्टीच्या जिवावर. हा मासळीचा छोटा मुसलमान व्यापारी. त्याच्या वखारीतली सुकी मासळी रात्रीच्या अंधारात चेंबनकुंजूच्या घरी येते.

होडीची पहिली मासळी किनाऱ्याला लागते तो प्रसंग मुद्दाम सावकाश वाचावा. परीकुट्टी माल घ्यायला येतो. चेंबनकुंजू विचारतो, रोख आहे का? रोख कुठून असणार? ती तर समोरच वाळूवर उभी आहे, होडी होऊन. मासळी दुसऱ्या व्यापाऱ्याला जाते. चेंबनकुंजू भांडत नाही, कर्ज नाकारत नाही. फक्त व्यवहाराचा नियम लावतो, आणि म्हणूनच तो इतका झोंबतो. तकळी इथे एकही शेरा मारत नाहीत. लाज वाटते ती बायकोला, चक्कीला. (मला विचाराल तर या कादंबरीत खरी नजर तिचीच आहे.)

चेंबनकुंजूच्या उलट त्याचा जावई, करुत्तम्माचा नवरा पळणी. आगापिछा नसलेला, समुद्रात मात्र वाघ. बायकोबद्दल कुजबुज सुरू होते. घरची बाई पवित्र असेल तरच समुद्रदेवी दर्यावरच्या पुरुषाला सुखरूप परत पाठवते, अशी इथली श्रद्धा. मग होडीवरचे सोबती त्याला टाळू लागतात. एवढा पट्टीचा दर्यावर्दी किनाऱ्यावर बसतो. शेवटी लहानशा होडीतून, गळ घेऊन, एकटाच जातो.

करुत्तम्मा परीकुट्टीला भेटते त्याच रात्री पळणी बुडतो, म्हणजे तकळींनी ती श्रद्धाच खरी ठरवली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला अर्धाच पटतो. पळणीच्या गळाला अजस्र शार्क लागतो तेव्हा दुसरं वल्हं धरायला त्याच्यासोबत कुणीही नसतं. तो एकटा का होता, याचं उत्तर तकळींनी कितीतरी पानं आधी देऊन ठेवलंय, आणि त्यात समुद्रदेवीचा काडीचाही संबंध नाही.