रनर, गेट आणि एक गुडघा

पाकिटातून काढलेली पहिली चौकट मी खिडकीपाशी नेली आणि उन्हात तिरकी धरली. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या काड्यांची ती जाळी, आणि तिच्या आत, वेलीला कळ्या लागाव्यात तसे चिमुकले खांदे, नडग्या, बोटे लगडलेली. या छंदातले लोक त्या काड्यांना ‘रनर’ म्हणतात आणि भाग जिथे काडीला चिकटलेला असतो त्या बारीक देठाला ‘गेट’. मी हे शब्द मोठ्याने उच्चारले मात्र, शेजारी पेपर वाचत बसलेल्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. “अरे, हे तं आमच्या फाउंड्रीतले शब्द!” भिलाई पोलाद कारखान्याच्या फाउंड्रीत त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली, वितळलेला धातू साच्यात ज्या वाटेने धावतो तो रनर, ज्या दारातून आकारात शिरतो ते गेट. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून वसलेल्या, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन पाहिलेल्या या गावात, योकोहामाहून आलेला खेळण्याचा खोका पहिल्याच क्षणी गावची बोली बोलू लागला.

खोका भाच्याने आणलेला. १९७९ साली जपानी दूरदर्शनवर आलेल्या, योशियुकी तोमिनो दिग्दर्शित मालिकेतला ‘गंडम’ हा यंत्रमानव. त्याचे रेखाटन कुनिओ ओकावारा यांचे, आणि पहिला प्लॅस्टिकचा संच बांदाई कंपनीने जुलै १९८०मध्ये ३०० येनला विकला. माझ्यापुढे होता तो १/१०० मापाचा, मर्यादित आवृत्तीचा आरएक्स-७८एफ००. योकोहामाच्या बंदरावर डिसेंबर २०२०पासून खरोखर हालणारा जो १८ मीटर उंच गंडम उभा होता, त्याची ही प्रतिकृती. तिच्या दुर्मिळतेविषयी मला फारसे कौतुक नाही. कमी छापले म्हणून पुस्तक चांगले होत नसते.

कौतुक आहे ते कापण्याचे. निपरचा पहिला काप भागापासून जरा लांब घ्यायचा, देठाचा खुंट मुद्दाम राखायचा, आणि मग दुसरा काप अगदी अंगालगत, श्वास रोखून. घाई केली की प्लॅस्टिकवर ताण येतो आणि तिथे पांढरट डाग उमटतो. पांढऱ्या कवचावर तो लपतो, निळ्यावर मात्र जन्मभर दिसतो. मग चारशेचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, आणि शेवटी बोटाच्या अग्राने चाचपणे. कारण डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला आधी कळते. “फेटलिंग नीट कर, घाई नको करू,” बाबा म्हणाले. ओतीव वस्तूवरचा फालतू धातू काढून तिला रूप देण्याच्या कामाला फाउंड्रीत हाच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने माझ्या खेळाला कारखान्याची प्रतिष्ठा मिळाली, हे मी त्यांना सांगितले नाही.

आता आपण गुडघ्यापाशी थांबू. राखाडी सांधा आधी खोबणीत बसतो, मग दोन्ही बाजूंनी पांढरे कवच त्याच्यावर ओंजळीसारखे मिटते, आणि मिटताना ‘टिक्’ असा एक आवाज होतो. गोंद नाही, रंगाचा ब्रश नाही. निळी छाती निळ्याच प्लॅस्टिकची, तांबडी पावले तांबड्याचीच, म्हणजे रंग वरून चढवलेला नव्हे, तर द्रव्याच्याच अंगी मुरलेला. त्या ‘टिक्’मध्ये साचा कोरणाऱ्याचा सारा संयम ऐकू येतो: खुंटी केसभर जाड असती तर कवच चिरले असते, केसभर बारीक असती तर गुडघा लुळा पडला असता. संध्याकाळभर मी तो वाकवून, सरळ करून पाहत बसलो होतो, आणि दर वेळी तो जिथे सोडावा तिथेच थांबत होता.

आणि मग तो उभा राहिला. इथेच या संचाचे खरे रहस्य आहे, म्हणून आपण जरा हिशेब करू. योकोहामाचा मूळ यंत्रमानव साधारण २५ टनांचा, आत पोलादी सांगाडा, २४ अक्षांवर हालणारा. पण स्वतःच्या पायांवर तो कधी तोलला नव्हता, कंबरेशी मागून आधाराने धरलेला होता. उंची शंभरपट झाली की पायाचा छेद दहा हजारपट होतो, वजन मात्र दहा लाखपट. प्रत्येक सांध्याच्या तेवढ्याच छेदावर पडणारा भार शंभरपट होतो, आणि पोलादही तिथे आधार मागते. उलट बाजूने मोजा: २५ टनांचे दहा लाख भाग केले तर २५ ग्रॅम भरतात. माझ्या तळहातावरचा गंडम त्याहून कितीतरी जड आहे, तरी १८ सेंटिमीटरचा हा गडी टेबलावर एका पायावर भार देऊन, दुसरा किंचित पुढे टाकून, कुणाचा हात न धरता उभा आहे! धाकट्याने थोरल्याला जमले नाही ते करून दाखवावे, असे हे प्रतिकृतीचे मिश्कील सौंदर्य.

बाबांनी त्याला बोटाने हलकेच ढकलून पाहिले. तो डुलला, पडला नाही.

योकोहामाचे प्रदर्शन ३१ मार्च २०२४ रोजी संपले. त्याच देहाचे भाग वापरून ओसाकाच्या २०२५च्या महाप्रदर्शनात गंडम एका गुडघ्यावर, हात आकाशाकडे उंचावून बसवला गेला. आमचा सेक्टरमधल्या क्वार्टरच्या कपाटावर अजून ताठ उभा आहे. दहापैकी नऊ गुण. छातीच्या निळ्या कडेवर डावीकडे जो पांढरट डाग दिसेल, त्याचा दोष साच्याला देऊ नका. तो माझ्या दुसऱ्या कापाचा आहे.